मिस्त्रींच्या घरात मी काढलेला चौक

भिसेगाव, पहिला दिवस

कर्जत म्हणजे फलाटावरचा वडा आणि घाट चढण्याआधी गाडीला मागून जोडलेलं इंजिन, एवढीच पुण्याच्या माणसाची ओळख असते. माझी थोडी जास्त आहे. मी घरांचे नकाशे काढते, आणि गेली अठरा वर्षं कळंबच्या बाजूला मुंबईकरांची शनिवार-रविवारची घरं माझ्या नकाशांवरून उभी राहतायत. तरी ह्या मुलखात मी कधी मुक्कामाला राहिले नव्हते. साइटवर जायचं, दोनचार जणांवर ओरडायचं आणि अंधाराच्या आत घाट चढायचा, असा माझा शिरस्ता.

ह्या नोव्हेंबरात मात्र चार दिवस काढून गेले. पुण्यातल्या एका सभेत मला चौकाच्या जुन्या घरांवर बोलायचं होतं. वीज न जाळता गार राहणारी, हवा खेळवणारी, पाऊस पोटात घेणारी ही घरं आजच्या घरबांधणीला काय शिकवू शकतात, वगैरे. हा माझा आवडता विषय आहे आणि त्यावर मी न थांबता बोलू शकते, हे माझ्या घरचे लोक तक्रारीच्या सुरात सांगतात. ते भाषण मी शेवटी दिलं नाही. का दिलं नाही, ते पुढे येईलच.

दुसरं निमित्त होतं सुरेश मिस्त्रींचं घर. मिस्त्री माझ्याकडे पहिल्या बंगल्यापासून आहेत. गवंडी म्हणून आले, आता सगळं कामच त्यांच्या अंगावर असतं. राहतात भिसेगावात, भाड्याच्या दोन खोल्यांत, बायकामुलांसह. मूळ गाव खालापूरच्या पुढे, पाताळगंगेच्या अलीकडे. तिथे त्यांची थोरली बहीण कमलआक्का एकटी राहते. तिनेच त्यांना वाढवलं. गेल्या मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या घरात आक्काला भोवळ आली आणि ती तासभर तशीच पडून होती. शेजारणीने पाहिलं म्हणून बरं. मिस्त्रींनी हे मला साइटवर चहा पिताना सांगितलं आणि म्हणाले, "आता पावसाळ्यानंतर तिला चांगलं घर बांधायचंय, मॅडम. पुढचा उन्हाळा पत्र्याखाली नाय काढून द्यायचा."

मी लगेच म्हणाले, "नकाशा माझ्याकडून. भेट समजा."

मिस्त्री हसले. मी ते हसणं होकार धरलं. जागा किती ते विचारलं, त्यांनी फुटांत सांगितलं, मी लिहून घेतलं. जागा बघायला मात्र गेले नाही. सहा महिने लावून, पुण्यात बसून, तेवढ्याशा जागेत मी आक्कासाठी एक चौक काढला. मधोमध उघडं आभाळ, भोवती फिरती पडवी, कोपऱ्यात जास्वंद. स्वतःच्याच हातावर मी खूश होते. तो नकाशा गुंडाळी करून गाडीत ठेवला होता आणि चौथ्या दिवशी आक्कासमोर उलगडायचा होता. आधीचे दिवस मिस्त्री माझ्याबरोबर जुनी घरं मोजायला फिरणार होते. त्यांचाही चौकाचा अभ्यास होईल, असा माझा विचार.

त्या संध्याकाळी मिस्त्रींच्या बायकोने वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. बिरडं असं की मी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. जेवताना मी चौकावर बोलत होते. मिस्त्री "हां मॅडम" म्हणत होते.

कळंबच्या अलीकडे, दुसरा दिवस

भातं कापून झाली होती. शेतांत भाऱ्यांची रांग, मध्येच एखादा बगळा, आणि मागे माथेरानचा डोंगर सकाळच्या धुरकट उन्हात निळा. आम्ही रस्त्यालगतचं एक कुणबी घर बघायला थांबलो. लांब ओटी, उतरतं कौलारू छप्पर, पुढ्यात मळणीचं अंगण. ओटीच्या खांबांकडे बघत बघत मी सरळ चालत निघाले आणि तिसऱ्या पावलाला माझी सॅंडल भसकन आत गेली.

"अगं बाय, खलं वलं हाय! दिसत नाय का?" घरातून एक बाई ओरडत आली.

खळं म्हणजे मळणीचं अंगण, आणि ते नुकतंच ओली माती भरून शेणाने सारवलं होतं. नव्या सारवणावर माझी तीन पावलं, शेवटचं चांगलं घोट्याएवढं. मिस्त्री काठाकाठाने वळसा घालून कधीच ओटीवर पोचले होते. मी माफी मागितली तेव्हा बाई हसायलाच लागली. माझी सॅंडल तिने उपसून दिली, हाताने पावलं बुजवली आणि "बसा आता सुकस्तवर" म्हणाली. ओटीवर आम्ही दोघं शेजारी बसलो. तिने दोघांना एकेक भाकरी आणि जवळ्याची चटणी दिली, स्वतःही घेतली, आणि मिस्त्रींना विचारलं, "ह्या कशाला घराची मापं घेतात? घर काय आमी इकनार नाय."

"शिकायला," मिस्त्री म्हणाले.

"ह्या वयात?" ती म्हणाली.

पुण्याला आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे मला ठाऊक नाही, आणि इथे मी एका बाईचं अंगण मोडून तिचीच चटणी खात होते. छान वाटलं मला. ह्या प्रवासात मला लाज वाटली ती ह्या पावलांची नव्हे, हे आधीच सांगून टाकते.

उल्हास नदीच्या काठी, तिसरा दिवस

ह्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांनी माझा पाहुणचार केला आणि जे चुकलं त्यात मीही होते.

घर मात्र बघण्यासारखं. काळ्या दगडाचं कमरेइतकं जोतं, सागवानी खांब, आणि आत चौक. नीट राखलेलं, राहतं घर. बाहेर ऊन चटका देत होतं. ओटी ओलांडून चौकात पाऊल टाकलं आणि अंगावर गारवा आला, माठाला हात लावल्यावर येतो तसा. वर उन्हाचा चौकोन, खाली ओलसर फरशी, चारी बाजूंनी कौलांचे उतार. मी अगदी हरखून गेले. घराचे मालक अप्पा, सत्तरीचे, झोपाळ्यावर बसून मला हवं ते मोजू देत होते. त्यांच्या पत्नी, सगळे त्यांना काकू म्हणत, आत स्वयंपाकघरात.

टेपचं एक टोक धरून मी चौकाच्या पलीकडे गेले. वळून बघते तर मिस्त्री उंबऱ्याबाहेरच उभे.

"मिस्त्री, आत या की. टेप कोण धरणार?"

"हितनंच धरतो, मॅडम."

"तिथून माप कसं यायचं? चपला काढा आणि या लवकर."

चपला त्यांनी आधीच काढल्या होत्या. झोपाळ्याची कडी वाजली. अप्पा म्हणाले, "या हो, या. आता कुठे राहिलंय तसलं काही."

मिस्त्री आत आले. मान खाली घालून त्यांनी माप धरलं, लिहून घेतलं, दुसरं माप धरलं. 'तसलं काही' म्हणजे काय हे मला कळलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. कळलं होतं. मिस्त्री बौद्ध आहेत हे मला अठरा वर्षं माहीत आहे. आमच्या घरात जातपात मानत नाहीत, हे आम्ही इतक्या वेळा बोलून दाखवतो की त्यापुढे आणखी काही करायचं असतं हे सुचतच नाही. अप्पा "या" म्हणाले, विषय संपला, असं मी स्वतःला सांगितलं आणि खांबांमधलं अंतर विचारलं.

मग चहा आला. काकूंच्या हातात ट्रे. त्यात फुलांच्या नक्षीचे तीन चिनी मातीचे कप, बशांसकट, आणि एक कागदी कप. एक कप अप्पांना, एक मला, एक त्यांनी स्वतःसाठी खाली ठेवला. कागदी कप मिस्त्रींच्या जवळ, पायरीवर. काकूंच्या चेहऱ्यावर राग नव्हता की तुच्छता नव्हती. गवती चहाची पात घातली आहे, आवडते ना, असं त्यांनी दोघांनाही सारख्याच प्रेमाने विचारलं.

मी पाहिलं. मग मी मान वर केली, चौकाकडे बघितलं आणि अप्पांना विचारलं की कौलं किती वर्षांनी बदलावी लागतात. त्यांनी सविस्तर सांगितलं. चहा चांगला झाला होता आणि मी तो संपवला.

परतताना गाडीत मीच बोलत होते. गप्प बसले असते तर दुसरं काहीतरी बोलावं लागलं असतं. म्हणाले, "बघितलंत ना किती गार? आक्कांना असंच होईल. चौकात बसून वाल सोलतील, वरून हवा येईल."

"हां मॅडम," मिस्त्री म्हणाले आणि खिडकीची काच खाली केली.

खालापूर, चौथा दिवस

कर्जतहून पळसदरीवरून खोपोलीकडे जाताना उजव्या-डाव्या हाताला कारखान्यांच्या भिंती आणि भाताची खाचरं आलटून पालटून येतात. वर डोंगरात ठाकुरवाडीच्या बाजूने एक मालगाडी घाट चढत होती. मी गुंडाळी मांडीवर घेऊन बसले होते. आक्कासाठी खोपोलीत पेढे घेतले.

गावात शिरल्यावर डांबरी रस्ता संपता संपता पंचशीलाचा झेंडा दिसला, म्हणजे बौद्धवाडी आली. मिस्त्रींनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं. पत्र्याचं एक बुटकं घर, आणि त्याला लागून रस्त्याच्या तोंडावर एक नवं बांधकाम. जोतं पूर्ण, भिंती खिडकीच्या उंचीपर्यंत आलेल्या, विटांच्या सांध्यात सिमेंट अजून काळपट ओलं.

"हे कोणाचं घर?" मी विचारलं.

मिस्त्री गाडीतून उतरले, दार धरून उभे राहिले. "आमचंच, मॅडम."

मी गुंडाळीकडे बघितलं, मग घराकडे. चौक कुठे नव्हता. असायला जागाच नव्हती. पुण्यात कागदावर पुरेशी वाटलेली जागा प्रत्यक्षात एवढीशी होती की त्यात मी काढलेल्या खोल्या म्हणजे खुराडीच झाली असती.

"कधी सुरू केलंत?"

"दसऱ्याला जोतं भरलं. उन्हाळ्याच्या आत छप्पर पायजे ना. तुमचा नकाशा येईल येईल म्हणून थांबलो होतो, मग नाय थांबलो." गाडीचं दार लावत म्हणाले, "सांगणार होतो. तुमी एवढ्या हौसेनं बोलत होता चार दिवस. कसं सांगायचं?"

म्हणजे मी भेट द्यायला निघाले होते आणि हा माणूस चार दिवस माझी हौस सांभाळत होता.

कमलआक्का बाहेर आली. साठीची, उंच, पदर खोचलेला, हातावर सुकलेल्या सिमेंटचे पांढरे ठिपके. भाऊ माझ्याबरोबर फिरत होता तेव्हा ती गवंड्याला विटा देत होती. "या, मॅडम, या," म्हणाली. पत्र्याखाली नोव्हेंबरातही घाम फुटत होता. सतरंजी घालून तिने आम्हाला बसवलं आणि पेढे घेतले. मग म्हणाली, "दाखवा तरी, काय काढलंय ते."

"राहू द्या, आक्का. आता त्याचा काय उपयोग."

"काढलंय ना माझ्यासाठी? मग बघते."

मी गुंडाळी उलगडली. आक्काला नकाशा वाचता येतो हे मला माहीत नव्हतं. साइटवर वर्षानुवर्षं बिगारी काम केलेली बाई ती. बोट फिरवत तिने पुढचं दार ओळखलं, माजघर ओळखलं, चौकात बोट टेकवून "हा उघडा ना?" म्हणाली. मग बोट मागे सरकलं. चौकाच्या पलीकडे, मागच्या भिंतीत एक अरुंद दार होतं आणि बाहेरच्या अंगाला एक छोटी मोरी-संडास.

"हे दार कोणाचं?" तिने विचारलं.

ते दार मी प्रत्येक घरात काढते. हात आपोआप काढतो. शेवटी म्हणाले, "कामाला येणाऱ्या बाईसाठी."

आक्का माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, काहीतरी समजून घेतल्यासारखी. "आमच्याकडं कामाला कोण येणार? कामाला आमीच जातो." मग तेच बोट मोरीवर ठेवून म्हणाली, "कळंबला तुमच्या पयल्या बंगल्यावर मी विटा वायल्यात. तिथं पण अशीच होती, मागं, कामाच्या माणसांची. सुरेशनंच बांधलेली."

ती माझ्या पहिल्या बंगल्यावर होती. मला आठवत नव्हती. आठवायचा खूप प्रयत्न केला, पण पाट्या वाहणाऱ्या बायकांचा एकही चेहरा डोळ्यांपुढे येईना. आणि त्या बाईला मी तिच्या स्वतःच्या घराला मागचं दार देत होते.

"चौक वाईट नाय हां," आक्काच पुढे बोलली. मला धीर देत होती, हे आणखी वाईट. "गावात एक होता. आई तिथं परसात भात कांडायला जायची, मी बरोबर. आत नाय जायचं आमच्यातलं कोणी. मी एकदा फटीतून बघितला. ऊन पडलं होतं आत, तुळस होती. लय छान दिसला, खोटं नाय सांगत. पण त्या घराला आमच्या अंगाला एक खिडकी नव्हती. सगळं ऊन, वारा, बोलणं आत. भायेर नुस्ती भिंत." तिने नकाशाची कड सारखी केली. "म्हणून सुरेशला म्हटलं, मला रस्ता दिसला पायजे. आणि रस्त्याला मी दिसली पायजे."

गार घर कसं असतं ह्यावर मी अठरा वर्षं बोलत आले. ते कुणाकडे पाठ करून गार होतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. माझं भाषण तिथेच संपलं.

मिस्त्री मला बाहेर घेऊन गेले आणि घर दाखवलं. तीन बाजूंनी रुंद पडवी येणार, रस्त्याकडच्या पडवीला बसायला दगडी कट्टा. छप्पर उंच, कौलारू, भिंतीच्या माथ्याला चारी बाजूंनी झरोके म्हणजे वर चढलेली गरम हवा निघून जाईल. पश्चिमेची भिंत जाड. आतून चुन्याचा गिलावा. जुन्या घरांत मी जे जे कौतुकाने मोजत होते ते सगळं त्यांनी घेतलं होतं. चौक तेवढा सोडला होता. हा माणूस माझ्याबरोबर अभ्यास करायला येत नव्हता. त्याला ते केव्हाच येत होतं.

"मिस्त्री," मी म्हणाले. म्हणताना त्यांच्याकडे बघवेना, म्हणून पडवीच्या खांबासाठी खणलेल्या खड्ड्याकडे बघत होते. "काल त्या घरी, कपाचं. मला दिसलं होतं."

"माहीत हाय मला. तुमी बघितलंत, मग चौकाकडं बघितलंत."

"मी बोलायला हवं होतं."

त्यांनी भिंतीवरचा ओळंबा गुंडाळून खिशात टाकला. "बोलला असता तर बरं वाटलं असतं," एवढंच म्हणाले. काही हरकत नाही, असं ते म्हणाले नाहीत. मला वाटतं मी त्याच शब्दांची वाट बघत होते.

मी विचारलं, आता मी काय करू? नवा नकाशा देऊ का, लाकूड स्वस्तात मिळवून देऊ का? आक्का दारातून ऐकत होती. "पाणी मारा," ती म्हणाली. "भिंती सुकतात. सुरेश आता चूल पेटवेल, मला मच्छी साफ करायचीय."

तिने नळीचं तोंड माझ्या हातात दिलं. विटकाम नवं असताना दिवसातून तीनदा भिजवावं लागतं, हे मी शेकडो वेळा साइटवर सांगितलंय, पण नळी कधी हातात धरली नव्हती. पाणी जोरात सोडलं तर सांध्यातला माल धुपतो. आक्काने माझा अंगठा धरून नळीच्या तोंडावर कसा दाबायचा ते दाखवलं. धार पसरली, विटा काळ्या पडत गेल्या.

उन्हं उतरली होती. रस्त्याने एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता. तो थांबला, माझ्याकडे बघितलं. अठरा वर्षं मिस्त्री मला सगळीकडे "आमच्या आर्किटेक्ट मॅडम" म्हणून ओळख करून देत आलेत, ठेकेदारांना, सरपंचांना, स्वतःच्या सासऱ्यांनाही.

"कोण रं ह्या, सुरेश?" म्हाताऱ्याने विचारलं.

मिस्त्री चुलीच्या लाकडांचा भारा घेऊन दारात उभे होते. क्षणभर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पुण्याच्या हायेत," ते म्हणाले. "घर बघायला आल्यात."

खरंच होतं ते. त्या घरात माझी एक रेघ नव्हती. म्हातारा "बघा, बघा" म्हणत शेळ्यांमागे निघून गेला. मी तोंड भिंतीकडे केलं आणि आक्का हात करील तिथे पाणी मारत राहिले.